नाशिकच्या ढोल पथकात नवीन आलात? कान, डोळे आणि हात कामाला कसे लावायचे

गणपतीच्या आधी दीड-दोन महिने नाशकात संध्याकाळी कुठल्याही मोकळ्या जागेजवळून जा, गंगापूर रोड म्हणा, तपोवन म्हणा नाहीतर गोदाघाट, ढोलाचा आवाज येतोच. आणि त्या प्रत्येक सरावात काही चेहरे असे असतात की ज्यांनी ढोल आयुष्यात पहिल्यांदा कमरेला बांधलाय. त्यांचे प्रश्न पण ठरलेले असतात, हात का दुखतोय, ठेका मध्येच का सुटतोय, घरी एकट्याने वाजवलं की बरोबर येतं मग सगळ्यांसोबत का गडबडतं. दादा लोकांचं यावर एकच उत्तर, "ऐक आणि वाजव." चूक नाहीये ते, पण अर्धंच आहे, कारण काय ऐकायचं, कोणाचं ऐकायचं आणि कधी चक्क कानाकडे दुर्लक्ष करायचं हे कोणी सांगत नाही. ते इथे क्रमाने लिहितोय.

आधी एक छोटा हिशोब

ढोल बांधायच्या आधी हे डोक्यात बसवा, पुढचं सगळं सोपं जाईल.

डोळ्याला काही दिसलं आणि त्यावरून हात हलला, याला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. कानाने ऐकून हात हलायला त्यापेक्षा थोडं कमी, १५० च्या आसपास. आता ठेका मिनिटाला १२० मात्रांचा धरा, म्हणजे एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, आणि एका मात्रेत चार ठोके आले की दोन ठोक्यांच्या मध्ये उरतात फक्त १२५. म्हणजे ठोका वाकडा पडतोय हे डोळ्याने बघून हाताला सांगेपर्यंत पुढचा ठोकाही पडून गेलेला असतो. जलद ठेक्यात चालू ठोका दुरुस्त होत नाही, झाला तर त्याच्या पुढचा होतो. म्हणून चुकलं की तिथेच चाचपडत बसू नका, वाजवत राहा आणि पुढच्या मात्रेवर पकडा.

हे काही नवीन नाही बरं का. १८९९ मध्ये रॉबर्ट वुडवर्थ नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने लोकांना मेट्रोनोमच्या (ठरलेल्या लयीत टकटक करणाऱ्या यंत्राच्या) तालावर कागदावर रेघा मारायला लावल्या होत्या, एकदा डोळे उघडे ठेवून आणि एकदा मिटून. हळू चालू असताना उघड्या डोळ्यांचा भरपूर फायदा दिसला, पण मिनिटाला १४० रेघांच्या आसपास पोचल्यावर डोळे उघडे काय नि बंद काय, चूक तेवढीच.

मग एवढ्या वेगात हात जागेवर पडतो कसा? तर शरीराकडे तिसरी बातमी असते आणि तिचा आपण कधी विचारच करत नाही. स्नायूंच्या आत बारीक संवेदक असतात, ते स्नायू किती ताणलाय आणि किती वेगाने ताणला जातोय ते कळवतात, स्नायू हाडाला जिथे जोडतो तिथले संवेदक जोर किती लागतोय ते सांगतात, आणि वर कातडीची भर. चार्ल्स शेरिंग्टन या इंग्लिश शास्त्रज्ञाने १९०६ मध्ये या जाणिवेला प्रोप्रिओसेप्शन असं नाव दिलं, पुढे १९३२ मध्ये त्यांना मज्जासंस्थेवरच्या कामासाठी नोबेलही मिळालं. आता लगेच करून बघा. डोळे मिटा, डावा हात हवेत कुठेही धरा, आणि उजव्या हाताच्या बोटाने डाव्या अंगठ्याचं टोक गाठा. लागलं ना बरोबर? न बघता.

ही जाणीव गेली तर काय होतं त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे इंग्लंडचे इयन वॉटरमन. १९७१ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, एका आजारानंतर त्यांची मानेखालची स्पर्शाची आणि हातपाय कुठे आहेत याची जाणीव गेली. स्नायूंची ताकद शाबूत, तरी उभं राहता येईना. मग त्यांनी प्रत्येक हालचाल डोळ्यांनी बघत बघत पुन्हा शिकून घेतली, चालणंसुद्धा, पण दिवे गेले की ते खाली कोसळायचे. नवीन वादक जेव्हा मान खाली घालून सतत टिपरूकडे, म्हणजे ढोल वाजवायच्या काठीकडे, बघत वाजवतो तेव्हा तो आपणहूनच तसं करत असतो, फरक एवढाच की त्याच्याकडे ती तिसरी बातमी आहे आणि तो ती वापरत नाही.

ढोल रोज एकाच उंचीवर बांधा

ऐकायला क्षुल्लक वाटतं पण पहिल्या आठवड्यातल्या निम्म्या तक्रारी इथूनच येतात. पट्टा सैल असेल तर चार पावलं चाललं की ढोल खाली सरकतो, एका बाजूला कलतो, आणि हाताने कालपर्यंत जे अंतर पाठ केलेलं असतं ते आज चुकीचं ठरतं. मग वाटतं की आपल्यालाच जमत नाहीये. पट्ट्यावर जिथे गाठ येते तिथे पेनने खूण करा किंवा रंगीत दोरा गुंडाळा, आणि रोज तिथेच गाठ मारा. पथकाचे ढोल सामायिक असतात, आज हा तर उद्या तो, तेव्हा निदान पट्टा तरी स्वतःचा ठेवता आला तर ठेवा. बांधून झाल्यावर जागच्या जागी दोन उड्या मारा, ढोल हलला तर परत बांधा.

टिपरू सैल धरा, का ते समजून घ्या

सैल धर, सैल धर असं सगळेच सांगतात. नवीन माणूस ऐकतो, दोन मिनिटं सैल धरतो आणि ठेका वाढला की परत मूठ आवळतो.

कारण समजलं तर राहील लक्षात. मूठ आवळली की मनगटाच्या दोन्ही बाजूंचे स्नायू एकाच वेळी ताणले जातात, एक पुढे ओढतो, दुसरा मागे, हात कडक होतो आणि दमतो. पण त्याहून मोठं नुकसान म्हणजे पानावरून (ढोलाच्या ताणलेल्या पडद्यावरून) टिपरू जे उसळून परत येतं ती उसळी तुम्हाला कळतच नाही, आणि उसळी हीच तर खबर आहे. टिपरू मधोमध बसलं तर आवाज भरीव येतो आणि उसळी सरळ, मऊ लागते. चार बोटं कडेला गेलं तर आवाज टणक होतो, उसळी झटकन आणि तिरकी येते. कड्यावर आपटलं तर मनगटापर्यंत झिणझिण्या. तळहाताच्या आणि बोटांच्या कातडीखाली पॅसिनियन कणिका नावाचे संवेदक असतात, ते अशी कंपनं टिपण्यात फार तरबेज, सेकंदाला दोनशे-तीनशे कंपनं असली तर सगळ्यात जास्त. म्हणून टिपरूचं टोक कुठे पडलं हे हाताला कळतं, टोकाला नसा नसतानाही.

सराव असा करा. ढोल बांधा, डोळे मिटा, फक्त टिपरूने दर सेकंदाला एक ठोका. प्रत्येक ठोक्यानंतर मनात म्हणा, मध्ये, कडेला, वर, खाली. शेजारी कोणाला तरी बघायला उभं करा, तो खरं काय ते सांगेल, पण तुम्ही म्हटल्यावरच. सुरुवातीला अंदाज वाट्टेल तसे चुकतात. जसजसे ते जुळत जातात तसतसा हातही मध्ये पडायला लागतो, आणि त्यासाठी हात कसा हलवायचा याचं वेगळं शिक्षण लागत नाही, ही गोष्ट मला स्वतःला फार आवडते.

थापेच्या बाजूला हेच सगळं, पण तिथे कातडी थेट पानाला लागते म्हणून लवकर जमतं. हात भाजल्यासारखा होतो पहिले काही दिवस, तेवढं चालायचंच.

दादाच्या कोपराची नक्कल करू नका

१९२० च्या दशकात मॉस्कोत निकोलाय बर्नस्टाईन यांनी छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कसलेल्या कामगारांच्या हालचाली कॅमेऱ्याने टिपल्या. हातोड्याचं डोकं दरवेळी जवळपास त्याच जागी पडत होतं, पण तिथे पोचताना खांदा, कोपर, मनगट यांचे कोन दरवेळी थोडे वेगळे. म्हणजे कसलेला माणूस एकच हालचाल परत परत करत नाही, तो तोच परिणाम परत परत साधतो आणि एका सांध्यात झालेला फरक दुसरा सांधा भरून काढतो.

तेव्हा दादाचा हात किती वर जातो, कोपर किती बाहेर येतं हे मोजू नका, त्यांची उंची वेगळी, ढोल वेगळा, खांदा वेगळा. लक्ष आवाजावर ठेवा. हालचाल शिकण्यावरच्या बऱ्याच प्रयोगांत हेच दिसलंय की माणसाने स्वतःच्या अवयवाऐवजी त्याच्या परिणामाकडे लक्ष दिलं तर चांगलं आणि लवकर जमतं. "मनगट वळव" यापेक्षा "आवाज गोल काढ" ही सूचना जास्त काम करते. शिकवणाऱ्या दादा-ताईंनी पण हे ऐकायला हरकत नाही.

आधी तोंडाने, मग हळू, पण हळूवर मुक्काम नको

ठेका तोंडाने म्हणता येत नसेल तर हाताने येणार नाही. चालताना, बसमध्ये, भांडी घासताना म्हणा. मग मांडीवर, मग ढोलावर.

हळू वाजवायलाच हवं, पण इथे माझं मत बऱ्याच जणांपेक्षा वेगळं आहे. अगदी संथ लयीत पंधरा-पंधरा दिवस घासणं मला पटत नाही. कारण वरचा हिशोब. संथ असताना ठोका हवेत असतानाच तुम्ही तो बघून, सावरून जागेवर आणू शकता, आणि तेच अंगवळणी पडतं. लय वाढली की सावरायला वेळच नसतो, तिथे ठोका आधीच ठरवून सोडावा लागतो. ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. तेव्हा ठेका पाठ झाला की रोज थोडा वेळ तरी खऱ्या लयीत वाजवा, फक्त दोनच आवर्तनं का होईना, मोडलं तरी चालेल, मग परत हळूवर या.

सगळ्यांसोबत वाजवताना: वाट बघू नका

एकट्याने येतं आणि घोळक्यात येत नाही, त्याचं पहिलं कारण म्हणजे नवीन माणूस ठोका ऐकतो आणि मग मारतो. ऐकून मारला तर तो दीडशे मिलिसेकंद उशिरा पडणार, आणि तेवढा उशीर रस्त्यावर उभ्या असलेल्या आजोबांनाही कळतो. ठोका येणार हे आधीच धरून हात निघाला पाहिजे. मेंदू हे करतोच, विशेषतः मागच्या बाजूचा छोटा मेंदू, तो पुढे काय जाणवणार याचा अंदाज सतत बांधत असतो आणि अंदाज चुकला तरच दखल घेतो. अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं वाटून पाय जोरात जमिनीवर आपटतो ना, तसं. मेट्रोनोमच्या ठोक्यावर बोट आपटायला सांगितलं तर बहुतेकांचं बोट ठोक्याच्या काही मिलिसेकंद आधीच पडतं, आणि त्यांना वाटतं आपण बरोब्बर ठोक्यावर आहोत. म्हणजे पुढे बघणं तुमच्यात आहेच, फक्त भीतीने थांबू नका.

दुसरं कारण हवेचं आहे, आणि ते बरेच जुने वादकसुद्धा लक्षात घेत नाहीत. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. दहा मीटरवरचा ताशा तुम्हाला जवळपास ३० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो, सतरा मीटरवरचा ५०. पथकाच्या रांगा लांब पसरल्या की शेवटच्या रांगेतल्याला पुढचा ताशा उशिराच येणार, त्याने त्याच्यावर वाजवलं तर त्याचा आवाज परत पुढे जाताना तेवढाच आणखी उशीर, आणि पुढच्यांना वाटतं मागचे ओढतायत. मागचे ओढत नसतात, हवा ओढत असते. यावर उपाय डोळ्यांचा. मागच्या रांगेत असाल तर लांबच्या ताशाचा आवाज नका पकडू, पुढे उभ्या असलेल्याचा हात बघा, उजेडाला उशीर होत नाही. हात वरून खाली येताना दिसतो म्हणून तो कधी आपटणार हे आधीच कळतं, नुसत्या लुकलुकणाऱ्या दिव्यावर तसं कळत नाही. आणि कान द्यायचा तो शेजारच्या दोघांना.

मग आला पडसाद. समोर पस्तीस मीटरवर मोठी भिंत असेल तर तुमचाच ठोका साधारण पाचवा हिस्सा सेकंदाने परत तुमच्या कानावर आदळतो. स्वतःचा आवाज एवढ्या उशिराने ऐकवला तर माणूस बोलताना सुद्धा अडखळतो हे १९५० मध्येच बर्नार्ड ली यांनी दाखवलं होतं, फोनवर आपलाच आवाज परत यायला लागला की आपली वाक्यं तुटतात तेच ते. सरावाच्या मैदानाला एका बाजूला इमारतीची भिंत असेल तर नवीन लोकांना भिंतीकडे पाठ करून उभं करा, एवढ्या एका बदलाने ठेका सावरलेला मी पाहिलाय. मिरवणुकीत मात्र निवड नसते. मेन रोडला दोन्ही बाजूंनी इमारती जवळ, तिथे पडसाद इतक्या लवकर येतो की तो ठोक्यातच मिसळतो आणि आपण फार भारी वाजवतोय असं वाटतं. तेच रविवार कारंज्याच्या मोकळ्यात आलं की आवाज एकदम पातळ होतो आणि सगळे घाबरून जोर लावायला लागतात. लावू नका. हाताला उसळी तीच लागतेय ना, मग आवाज तोच आहे.

कान वाचवा

आपल्या पोरांना प्लग घालायची लाज वाटते. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास, ही कामाच्या ठिकाणासाठी बरेच तज्ज्ञ सुचवतात ती मर्यादा, आणि दर ३ डेसिबलमागे ती वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. पथकाच्या मध्ये उभं राहून सराव किती वेळ चालतो ते तुम्हाला माहितीये. घरी गेल्यावर कानात शीऽऽ वाजत असेल तर ती शाबासकी नाही. शिवाय कान बधिर झाला की माणूस न कळत आणखी जोरात वाजवतो. फोमचे प्लग मेडिकलमध्ये मिळतात, पहिले दोन-तीन दिवस सगळं पाण्याखाली असल्यासारखं वाटेल, पण तेव्हाच हाताची खबर जास्त कळायला लागते हा फायदाच आहे. सकाळपर्यंत शिट्टी थांबली नाही तर कानाच्या डॉक्टरकडे जा, नुसतं तेल घालून बसू नका.

दर ठोक्याला "बरोबर का?" विचारू नका

दादा शेजारी उभा राहून सतत "हां, नाही, थोडा वर, आता ठीक" करत असला की सराव झकास होतो, आणि दादा पाणी प्यायला गेला की सगळं कोसळतं. १९८४ मध्ये सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर या तिघांनी तोवरचे प्रयोग एकत्र मांडून हाच मुद्दा काढला होता की बाहेरून सतत मिळणारी दुरुस्ती त्या वेळी मदत करते पण शिकणारा तिच्यावरच टेकतो आणि स्वतःच्या हाताची खबर वाचायला शिकत नाही. म्हणून आधी पूर्ण आवर्तन वाजवा, मग स्वतः सांगा कुठे गेलं, मग दादाला विचारा. पहिल्या आठवड्यात जास्त विचारा, नंतर कमी कमी करत जा.

मोबाईलवर रेकॉर्डिंग करत असाल तर फोन ढोलापासून लांब, वीस-पंचवीस पावलांवर ठेवा, जवळ ठेवला की आवाज फाटतो आणि काहीच कळत नाही. आणि ब्लूटूथ स्पीकरवर मेट्रोनोम लावून फोनच्या स्क्रीनवरचा दिवा बघत वाजवू नका, ब्लूटूथचा आवाज मागून येतो आणि डोळा-कान दोघं वेगवेगळं सांगतात.

दोन-तीन ठेके झाले की ते मिसळून घ्या, पहिला, तिसरा, दुसरा, परत पहिला, असं. एकच ठेका अर्धा तास घासला की त्या दिवशी मस्त वाटतं, पण जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांच्या १९७९ च्या प्रयोगात मिसळून सराव करणाऱ्यांना सरावात त्रास जास्त झाला आणि नंतरच्या परीक्षेत मात्र तेच पुढे गेले. झोप पूर्ण घ्या, हालचालीची शिकवणी झोपेतही मुरते. रात्री बारापर्यंत सराव आणि सकाळी सातला सातपूरला शिफ्ट, यात दोन्हीची वाट लागते.

मिरवणुकीच्या दिवशी

तासभर वाजवल्यावर ठोके कडेला जायला लागतात. हे लक्ष नसल्यामुळे होत नाही, स्नायू दमले की हात कुठे आहे ही जाणीवच अंधुक होते. आवाज टणक यायला लागला, उसळी तिरकी लागली की समजायचं, आता बदली मागा. हात वर करून मागितली तरी चालते, कोणी हसत नाही. पाऊस असेल तर चामड्याचं पान ओलं होऊन सैल पडतं, उसळी मंद होते, आणि हात सवयीने जास्त जोर लावतो, तेव्हा लय थोडी खाली घ्यायला सांगा आणि दोऱ्या ताणून घ्या. फायबरच्या पानाला हा त्रास नाही, पण त्याची उसळी कडक असते, म्हणून सराव एकावर आणि मिरवणूक दुसऱ्यावर असं करू नका. घामाने आणि गुलालाने टिपरू निसटायला लागलं की मूठ आपोआप आवळते, त्यामुळे टिपरूला आधीच कापडी टेप गुंडाळा आणि खिशात कोरडा रुमाल ठेवा. बोटं बधिर झाली, मुंग्या आल्या तर थांबा. पाच मिनिटांत गेल्या नाहीत तर त्या दिवशी झांज घ्या.

ताशाकडे वळायचं मनात असेल तर निदान एक सीझन ढोल वाजवूनच वळा. तिथे दोन बारीक काड्या असतात आणि तर्री (ताशावरचे सलग जलद ठोके) काढताना निम्मं काम उसळीच करते, हाताने नुसती तिला वाट द्यायची असते, आणि उसळी ओळखायला हात आधी ढोलावरच तयार होतो. काड्या मागायला जाल तेव्हा दादाला डोळे मिटून पन्नास ठोके वाजवून दाखवा, तो काय म्हणेल त्यावर ठरवा.